दाणा कसा धरतो?

घरातल्या डब्यांमध्ये रसायनशास्त्राच्या कसोटीवर सर्वांत शुद्ध पदार्थ शोधायचा तर हात साखरेच्या डब्यावर येऊन थांबतो. पीठ, डाळ, तेल, दूध, हळद ही सगळी असंख्य रेणूंची मिश्रणे. मीठ पुष्कळ शुद्ध, तरी त्यातही मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि वरून आयोडीन घातलेले असते. साखर मात्र शंभर भागांत साडेनव्याण्णवहून अधिक एकच रेणू असते. कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ असा ४५ अणूंचा हा रेणू दाण्यात तिन्ही दिशांना ठरलेल्या मांडणीने पुन्हा पुन्हा येतो. शेतात असा दाणा पिकत नाही. उसात साखर असते ती पाण्यात विरघळलेली, पेशींत कोंडलेली, क्षार, आम्ले आणि डिंकासारख्या द्रव्यांत मिसळलेली. त्या रसातून असा शुभ्र, कोरडा दाणा बाहेर काढायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. रसातले पाणी काढायचे कसे, हा एकच प्रश्न तो एवढा काळ सोडवत राहिला आणि ते करता करता पदार्थ आतून कसा असतो हे त्याला कळत गेले.

ही गोष्ट लोणखेड्यातून सांगावीशी वाटते याला कारण आहे. शहाद्याला लागून, गोमाईच्या खोऱ्यात वसलेले हे गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये काळी कसदार जमीन. जवळच पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे, आणि शहादा-लोणखेडा परिसरात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-महाविद्यालये आहेत. दोन्हींच्या उभारणीशी पी. के. अण्णा पाटील यांचे नाव जोडलेले आहे. म्हणजे इथल्या मुलांना ज्या स्थायू, द्रव आणि वायू अवस्था फळ्यावर शिकवल्या जातात, त्याच अवस्था काही अंतरावर गाळप हंगामात रात्रंदिवस एकमेकींत बदलत असतात. बर्फ, पाणी आणि वाफ हा पुस्तकातला दाखला योग्यच आहे. पण उसाच्या रसाची गोष्ट या मुलांच्या घरची आहे आणि ती कितीतरी खोल जाते.

आग आणि पदार्थ यांची ओळख या खोऱ्याला जुनीच. गोमाई जिथे तापीला मिळते त्या प्रकाशे इथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. तळाशी ताम्रपाषाण युगाची वस्ती आणि तिच्यावर लोखंड वापरणाऱ्यांचे थर निघाले. धातू वितळवणे आणि ओतणे म्हणजे पदार्थाची अवस्था हवी तेव्हा बदलणे. ते इथल्या माणसांना साडेतीन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते.

पण रसाचे काम धातूहून नाजूक. तांबे तापवले तर वितळते आणि निवले की पुन्हा तांबेच होते. रस तापवला तर तो पूर्ववत होत नाही.

गुऱ्हाळ पाहिलेल्याला हे सांगायला नको. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो तेव्हा तो गढूळ, हिरवट आणि किंचित आंबट असतो. त्यात चुन्याची निवळी घालतात, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. चुन्याने आम्ल मरते, भेंडीच्या चिकटपणात बारीक गाळ अडकतो आणि उष्णतेने वर येतो. ती मळी सतत काढत राहायची. चुलवाणात चिपाडांचा जाळ, वर पाण्याची वाफ. सुरुवातीला रस शंभर अंशांच्या जरा वर उकळतो. पाणी उडत जाते तसे उकळण्याचे तापमान चढत जाते, कारण साखरेच्या रेणूंच्या गर्दीतून पाण्याचा रेणू बाहेर पडणे अवघड होत जाते. ११८ ते १२० अंशांच्या आसपास गूळ तयार होतो. गुळव्याकडे तापमापक नसतो. तो बुडबुड्यांचा आकार आणि फेसाचा रंग पाहतो, चार थेंब गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळते का ते बघतो. गोळी वळली म्हणजे किती पाणी उरले हे त्याला कळले. विद्राव्याचे प्रमाण आणि उत्कलनबिंदू यांचे नाते तो रोज बोटांनी मोजत असतो, आणि ते चुकले तर आधण वाया जाते. हे ज्ञान कुठल्याही पदवीपेक्षा कमी नाही.

गूळ घट्ट दिसतो, पण तो एकसंध स्फटिक नव्हे. साखरेचे अतिबारीक कण, त्यांच्यात अडकलेला पाक, आणि जाळाने साखर फुटून झालेले ग्लुकोज व फ्रुक्टोज. ही दोन्ही पाणी ओढतात, म्हणून पावसाळ्यात ढेप पाझरते. जास्त वेळ, जास्त तापमान आणि थोडे आम्ल मिळाले की साखरेचा रेणू दुभंगतो. पाणी काढायला उष्णता हवी, आणि उष्णतेनेच साखर बिघडते. सगळा पुढचा इतिहास या एका अडचणीतून निघाला आहे.

उष्णतेने वस्तू बदलते म्हणजे आत नेमके काय होते, यावर आपल्याकडे फार जुना आणि फार सुंदर वाद आहे. कणादाच्या वैशेषिक परंपरेतले लोक म्हणत, कच्चे मडके भट्टीत घातले की अग्नी त्याला परमाणूंपर्यंत सुटे करतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळून लाल मडके होते. हा पीलुपाक. नैयायिक म्हणत, मडके फुटत नाही, अग्नी त्याच्या छिद्रांत शिरतो आणि अखंड वस्तूच बदलते. हा पिठरपाक. प्रयोगाने निकाल लावण्याचे साधन दोघांकडे नव्हते. पण डोळ्यांना दिसणाऱ्या बदलाचे कारण न दिसणाऱ्या कणांत शोधायचे की नाही, हा प्रश्न त्यांनी नेमका पकडला होता. काहिलीतल्या रसाबद्दल आज विचारले तर उत्तर असे द्यावे लागेल : रेणू तुटतात, नवे जुळतात, त्यातून तांबूस रंग येतो. अणू मात्र होते तेच राहतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या जिनसांची यादी आहे. तिच्यात उसापासूनचे पाच पदार्थ ओळीने येतात : फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खांड आणि शर्करा. पहिला पातळ पाक, शेवटचा दाणा. चरकसंहितेतही हाच क्रम आहे, आणि जसजशी निर्मळता वाढते तसतसा गुणाने थंडपणा वाढतो असे तिथे म्हटले आहे. या यादीत मला द्रवापासून स्फटिकापर्यंतची एक शिडी दिसते. म्हणजे कमीत कमी दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे दाणा आणि त्याला चिकटलेला पाक वेगळा करता येत होता.

तो कसा करत, हे उत्तर हिंदुस्थानात अलीकडेपर्यंत चाललेल्या खांडसरीच्या पद्धतीवरून समजते. घट्ट केलेला पाक सावकाश निववायचा म्हणजे त्यात दाणे धरतात. हा दाणेदार पाक निथळत ठेवायचा आणि वर ओल्या शेवाळ्यासारख्या पाणवनस्पतीचा थर द्यायचा. त्यातून पाणी थेंबथेंब खाली झिरपते, दाण्यांवरचा तपकिरी पाक धुऊन नेते आणि वरचा थर पांढरा होत जातो. पाणी इतके सावकाश येते की दाणा विरघळण्याआधी पाक निघून जातो. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत हेच काम ओल्या चिकणमातीने होई. ही विद्या किती मोलाची होती याची एक खूण म्हणजे चीनच्या तांग सम्राट ताइझोंगने इ. स. ६४७ मध्ये साखर करण्याची रीत शिकून यायला मगधात माणसे पाठवली होती.

युरोपात १७४७ साली बर्लिनच्या आंद्रेआस मार्ग्राफने बीटच्या कंदातून पांढरे कण काढले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि उसाच्या साखरेशी ताडून पाहिले. दोन्ही एकच निघाले. उष्ण देशातले गवत आणि थंड देशातला कंद, माती वेगळी, हवा वेगळी, तरी साखर तीच. पदार्थाची ओळख त्याच्या कुळावरून ठरत नाही, त्याच्या घडणीवरून ठरते, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण त्या काळात क्वचितच सापडेल.

उष्णतेच्या अडचणीवर उत्तर मिळाले ते १८१२-१३ मध्ये. इंग्लंडच्या एडवर्ड चार्ल्स हॉवर्डने बंद भांडे घेतले आणि त्यातली हवा पंपाने ओढून काढली. द्रवातून निसटणाऱ्या रेणूंचा दाब वरच्या दाबाच्या बरोबरीला आला की द्रव उकळतो. वरचा दाबच कमी केला तर उकळायला कमी उष्णता पुरते. आजच्या कारखान्यातल्या पॅनमध्ये पाक साठ-सत्तर अंशांच्या आसपास उकळतो. उघड्या काहिलीत जे १२० अंशांना होते ते इथे निम्म्या तापमानात होते, रेणू शाबूत राहतो आणि रंग फिकट राहतो. हॉवर्डच्या चार-पाच वर्षे आधी, १८०८ मध्ये, जॉन डाल्टनने अणुसिद्धांत छापला होता. १८११ मध्ये आवोगाद्रोने वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते असे मांडले. ही सगळी एकाच पिढीतली माणसे.

पण वाफेवर जळण फार जाते. पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. आणि ही उष्णता तापमापकावर दिसत नाही, वाफेत दडून जाते. जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकात तिचा शोध लावला होता. नॉर्बर्ट रिलियो या माणसाने ती परत मिळवली. १८०६ मध्ये न्यू ऑर्लीन्सला जन्मलेल्या रिलियोची आई मुक्त कृष्णवर्णीय स्त्री होती. तो पॅरिसमध्ये शिकला आणि १८४० च्या दशकात त्याने बहुपरिणामी बाष्पीभवकाचे पेटंट घेतले. पहिल्या भांड्यातून निघालेल्या वाफेने दुसरे भांडे उकळायचे, मात्र दुसऱ्यात दाब कमी ठेवायचा. दुसऱ्याच्या वाफेने तिसरे, तिसऱ्याच्या वाफेने चौथे. लपलेली उष्णता दर वेळी पुन्हा हाती येते. शंभर टन उसामागे सुमारे पाऊणशे टन पाणी उडवावे लागते. रिलियोची ही युक्ती नसती तर तेवढ्या चिपाडांवर कारखाना चाललाच नसता. त्याआधी लुइझियानात गुलाम माणसे जाळावरच्या उघड्या कढयांमधून उकळता रस पळ्यांनी एकीतून दुसरीत उपसत असत.

साखरेच्या दाण्याच्या कुळकथेत ही माणसे आलीच पाहिजेत. आमच्या भागातही ती येतात. शहाद्याच्या काळ्या मातीत बागायत वाढली, तेव्हा जमीन आणि मजुरी या दोन प्रश्नांवर भिल्ल-पावरा समाजाने १९७० च्या दशकात मोठा लढा दिला. अंबरसिंग महाराजांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडलेले आहे. आजही नंदुरबारच्या पाड्यांवरून दरवर्षी हंगामाला कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातच्या कारखान्यांसाठी ऊसतोडीला जातात आणि तिथे त्यांची मोजणी माणसांत न होता ‘कोयत्यां’त होते. शुद्धतेची कितीही परिमाणे लावली तरी या दाण्याचा हा हिशेब त्याच्यापासून वेगळा करता येत नाही, आणि करूही नये.

महाराष्ट्रात सहकाराने हे यंत्र शेतकऱ्याच्या हाती आणले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून उभ्या राहिलेल्या कारखान्याचे पहिले गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले. पुढे ही लाट राज्यभर गेली आणि तापीकाठीही आली.

आता पॅनपाशी जरा थांबू, कारण दाणा इथे धरतो. वीस अंशांच्या शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे दोनशे ग्रॅम साखर मावते, शंभर अंशांना पावणेपाचशे ग्रॅमहून अधिक. पाक आटवत नेला की तो मावेल त्याहून जास्त साखर धरून बसतो. ही अतिसंपृक्त अवस्था मोठी विलक्षण. थोड्या अतिसंपृक्त पाकात नवा दाणा आपोआप जन्मत नाही, पण आधीच असलेला दाणा मात्र वाढतो. त्याच्या पुढे गेले तर एकाएकी लक्षावधी बारीक कण सुटतात आणि सगळा घाणा भुग्यासारखा होतो. पॅनमनला मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात राहायचे असते. अल्कोहोलमध्ये दळलेल्या साखरेचे अतिसूक्ष्म कण तो बीज म्हणून सोडतो आणि मग तासन्‌तास नवा दाणा जन्मू न देता सोडलेलाच दाणा वाढवतो. मधून मधून सळईने नमुना काढायचा, काचपट्टीवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरून पाहायचा. धारदार कडा, एकसारखा आकार, मध्ये धुके नाही. असे दिसले की घाणा जमला. नंतर सेंट्रीफ्यूगल यंत्रात गरगर फिरवून पाक बाहेर फेकला जातो आणि जाळीला दाणा लागून राहतो. पाणवनस्पतीच्या थराला जे काम करायला दिवसच्या दिवस लागत ते इथे काही मिनिटांत होते. पोत्यावर एस-३० किंवा एम-३० लिहिलेले असते. त्यातले अक्षर दाण्याच्या आकाराचे, अंक रंगाचा.

वाढताना दाणा एवढा शुद्ध का होतो? प्रत्येक नवा रेणू पृष्ठभागावर येतो तेव्हा त्याला ठरलेल्या जागीच, ठरलेल्या बाजूनेच बसावे लागते. ग्लुकोजचा किंवा क्षाराचा कण त्या जागेत नीट बसत नाही, म्हणून बहुतेक वेळा बाहेरच राहतो. म्हणजे गाळण बाहेरून लावावी लागत नाही, रेणूचा आकारच गाळण होतो.

ही मांडणी डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी साखरेनेच तिचे पुरावे द्यायला सुरुवात केली होती. लाव्हाझिएने १७८९ च्या ग्रंथात वस्तुमान नष्ट होत नाही आणि नव्याने निर्माणही होत नाही हे तत्त्व मांडले ते साखर आंबून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होते त्या प्रकरणात. आधी किती वजन, नंतर किती वजन, असा त्याने ताळेबंद मांडला. १८१५ मध्ये बिओने दाखवले की साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला तर त्याचे प्रतल उजवीकडे वळते. दाणा विरघळला, मांडणी मोडली, तरी प्रकाश वळतोच. म्हणजे वळवण्याचा गुण दाण्यात नसून सुट्या रेणूत आहे. साखर दुभंगून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाली की तोच प्रकाश डावीकडे वळतो. १८४८ मध्ये पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे सांगितले की कार्बन अणूचे चार हात अवकाशात चार दिशांना असतात, आणि उजवे-डावेपण तिथून येते. अणू खरे आहेत की हिशेबाची सोय, हे तेव्हा भल्याभल्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांच्या हातांच्या दिशा साखरेसारख्या प्रकाश वळवणाऱ्या पदार्थांनी सांगितल्या. आज कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज काढतात तो ‘पोल’ म्हणजे बिओचेच मोजमाप. पोल पाहून उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, ठरतो आणि उताऱ्यावर उसाचा भाव.

आणि मग १९०५. बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या आल्बर्ट आइन्स्टाइनने झुरिच विद्यापीठाला डॉक्टरेटचा प्रबंध दिला. विषय होता रेणूंचे आकारमान कसे काढायचे. त्याने साखरेचे पाणी घेतले, तेही स्वतः न कालवता, छापील तक्त्यांतले आकडे घेऊन. पाण्यात साखर विरघळली की ते दाटते. किती दाटते हे रेणूंनी मिळून व्यापलेल्या जागेवर अवलंबून असते. साखर पाण्यात किती वेगाने पसरते हे एका रेणूच्या आकारावर अवलंबून असते. दोन समीकरणे आणि दोन अज्ञाते : रेणूची त्रिज्या आणि एका मोलमधली रेणूंची संख्या. उत्तर आले २१ वर २२ शून्ये. खऱ्या संख्येच्या साधारण तिसरा हिस्सा. पुढे पॅरिसला पेरँच्या प्रयोगशाळेतल्या मोजणीशी गणित जुळेना, तेव्हा आइन्स्टाइनने लुडविग हॉप्फला ते तपासायला सांगितले. चूक सापडली आणि १९११ मध्ये दुरुस्त आकडा आला ६.५६ गुणिले दहाचा तेविसावा घात. आज मान्य असलेला आकडा ६.०२२ आहे. प्रकाशावरचा आणि सापेक्षतेवरचा त्याचा त्या वर्षीचा शोध सगळे सांगतात. साखरेच्या पाण्यावरचा हा प्रबंध शाळेत सांगितला पाहिजे, विशेषतः ऊस पिकतो त्या गावात, कारण यातले प्रत्येक पाऊल मुलांना समजण्याजोगे आहे.

त्या संख्येने हिशेब केला तर एक मिलिमीटर बाजूच्या साखरेच्या दाण्यात सुमारे २८ वर सतरा शून्ये इतके रेणू निघतात. ते कसे बसले आहेत हे १९५२ मध्ये बीव्हर्स आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी दाखवले. १९६३ मध्ये ब्राउन आणि लेव्ही यांनी न्यूट्रॉनच्या झोताने हायड्रोजनच्या जागाही नेमक्या केल्या. शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पाणी तेच बंध स्वतःकडे ओढून घेते, म्हणून दाणा चहात विरघळतो.

कारखान्यात शेवटी उरते ती मळी. ही गुऱ्हाळातल्या गाळाची मळी नव्हे, तर दाणा काढून उरलेला दाट पाक. तीत साखर पुष्कळ असते, पण अशुद्धी इतकी की पॅनमध्ये आणखी दाणा धरत नाही. मग ती यीस्टच्या स्वाधीन होते, लाव्हाझिएने तोललेलीच क्रिया होऊन अल्कोहोल मिळते, आणि पाणी काढण्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो. ऊर्ध्वपातनाने वजनात ९५.६ टक्के अल्कोहोलपर्यंत जाता येते. त्यापुढे द्रव आणि वाफ यांतले प्रमाण सारखेच होते आणि कितीही उकळले तरी उरलेले पाणी सुटत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र जवळजवळ कोरडे इथेनॉल लागते, आणि २०२५ मध्ये हे मिश्रण देशात २० टक्क्यांपर्यंत गेले. म्हणून आसवन्यांमध्ये ती वाफ झिओलाइटच्या गोळ्यांवरून नेतात. या खनिजाची छिद्रे तीन अँगस्ट्रॉमची असतात. पाण्याचा रेणू त्यात शिरून अडकतो, इथेनॉलचा मोठा रेणू शिरू शकत नाही आणि पुढे निघून जातो.